अहिंसेचे व्रत आणि सत्तेची खुर्ची

या सदरातील मागील लेख श्रावकाचार आणि पर्यावरण या विषयावर होता. तो वाचून एका ज्येष्ठ वाचकांनी पत्राने विचारले आहे, की अहिंसा हे तत्त्व स्वतःच्या कार्यक्रमात लिहून ठेवणारा एखादा राजकीय पक्ष जगात झाला आहे काय. आणि झाला असल्यास, सत्ता हाती आल्यावर त्याने त्या तत्त्वाचे काय केले? प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर एका वाक्यात देता येते. उत्तरार्धासाठी मात्र हा संपूर्ण लेख खर्ची पडणार आहे.

जर्मनीतील ‘दी ग्र्यूनेन’, म्हणजे ‘हरित’, हा तो पक्ष. 13 जानेवारी 1980 रोजी कार्ल्सरूह शहरात त्याची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात त्याचा पहिला मूलभूत कार्यक्रम संमत झाला. त्यात पक्षाचे चार आधारस्तंभ सांगितले होते : पर्यावरणनिष्ठा, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा. पर्यावरणाच्या प्रश्नावर निवडणूक लढवणारा हा काही जगातील पहिला पक्ष नव्हे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर एक निसर्गसुंदर सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून 1972 मध्येच एक गट निवडणुकीस उभा राहिला होता आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ‘व्हॅल्यूज पार्टी’ निघाली. परंतु सत्तेच्या भाराखाली तत्त्वांची खरी परीक्षा ज्याला द्यावी लागली, असा पक्ष म्हणून जर्मन हरितांचा इतिहास अधिक बोलका आहे.

या पक्षाचा जन्म ग्रंथालयात झालेला नाही. नैर्ऋत्य जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी व्हील नावाचे गाव आहे. तेथे अणुवीज प्रकल्प उभारण्याचे ठरले, तेव्हा आसपासच्या द्राक्षबागायतदारांना भीती वाटली, की शीतकरण मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेने खोऱ्यात धुके दाटेल आणि द्राक्षांना ऊन मिळणार नाही. फेब्रुवारी 1975 मध्ये हे शेतकरी, त्यांच्या घरच्या स्त्रिया आणि जवळच्या विद्यापीठातील तरुण बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले. तो प्रकल्प अखेर झालाच नाही. पुढे 1979 च्या अखेरीस ‘नाटो’ने युरोपात नवी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे अणुविजेस विरोध करणारे आणि अण्वस्त्रांस विरोध करणारे असे दोन प्रवाह एकत्र आले. त्यांत परंपरानिष्ठ शेतकरी होते, चर्चमधील मंडळी होती, स्त्रीमुक्तीच्या कार्यकर्त्या होत्या आणि 1968 च्या विद्यार्थी चळवळीतून बाहेर पडलेले डावे तरुणही होते. इतकी भिन्न माणसे एका छताखाली नांदली, हेच एक नवल.

या सर्वांत अहिंसेचा आग्रह ज्यांनी अखेरपर्यंत धरला, त्या पेट्रा केली यांच्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. त्यांचा जन्म 1947 चा. सावत्र वडील अमेरिकन सैन्यातील अधिकारी असल्याने त्यांचे शिक्षण अमेरिकेत झाले आणि तेथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीचा त्यांच्यावर संस्कार झाला. धाकटी बहीण ग्रेस अवघ्या दहाव्या वर्षी कर्करोगाने गेली आणि त्या दुःखातून त्या किरणोत्साराच्या प्रश्नाकडे वळल्या. किंग यांच्याप्रमाणे गांधीजींचे ऋण त्या उघडपणे मान्य करीत. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत ज्या तीन समकालीनांचा आपल्यावर खोल ठसा उमटल्याचे नमूद केले आहे, त्यांत पहिले नाव श्रीमद् राजचंद्र यांचे आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. मुंबईच्या जवाहिऱ्यांच्या पेढीवर बसणाऱ्या एका जैन श्रावकाचा विचार गांधीजींच्या द्वारे ऱ्हाईनकाठच्या चळवळीपर्यंत असा आडवाटेने का होईना, पोहोचला होता.

1983 च्या मार्चमध्ये हरितांना 5.6 टक्के मते मिळाली आणि ते प्रथमच पश्चिम जर्मनीच्या संसदेत गेले. सूट-टायमधील सदस्यांच्या सभागृहात स्वेटर घातलेली ही मंडळी हातात कुंड्या आणि आम्लपावसाने वाळलेल्या झाडाची फांदी घेऊन शिरली. येथे निवडणूक पद्धतीचा एक मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. जर्मनीत पक्षाला देशभर मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. अट एवढीच, की साधारणतः किमान पाच टक्के मते हवीत. खात्यात किमान शिल्लक असली की व्यवहार सुरू, तसाच हा प्रकार. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच, मतदारसंघात पहिला येईल तो विजयी, अशी पद्धत आहे. तेथील हरित पक्षाने 1989 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत सुमारे 15 टक्के मते मिळवली आणि एकही जागा जिंकली नाही! हरित पक्ष जर्मनीत वाढला आणि आपल्याकडे किंवा ब्रिटनमध्ये तसा वाढला नाही, याचे कारण लोकांच्या निसर्गप्रेमात शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधणे अधिक योग्य ठरेल.

आरंभीची त्यांची शिस्त पाहिली, तर आपल्याला अपरिग्रहाची आठवण यावी. खासदाराने कुशल कामगाराच्या वेतनाइतकी रक्कम स्वतःकडे ठेवावी आणि उरलेली चळवळीच्या निधीस द्यावी, असा नियम होता. खुर्चीचा मोह जडू नये म्हणून प्रत्येकाने मुदतीच्या मध्यावर राजीनामा देऊन यादीतील पुढच्या व्यक्तीला जागा द्यावी, असाही दंडक होता. बहुतेकांनी तो पाळला. नवल असे, की ज्यांनी तो पाळला नाही, त्यांत स्वतः पेट्रा केली होत्या. दोन वर्षांत काम शिकून होत नाही तोच निघून जाणे त्यांना शहाणपणाचे वाटेना. बँकेत आमच्या बदल्याही तीन वर्षांनी होत आणि शाखेतील ग्राहकांची ओळख होते न होते तोच सामान बांधावे लागे. त्यामुळे केलीबाईंचे म्हणणे मला पटते. परंतु व्रत घेतले की त्याला अपवाद प्रथम नेत्यापासून सुरू होतो, हेही खरे. काही वर्षांत तो नियमच रद्द झाला.

पक्षात आता दोन तट पडले. एकाला ‘फुंडी’ म्हणजे मूलतत्त्वाचे आग्रही, तर दुसऱ्याला ‘रेआलो’ म्हणजे वास्तववादी म्हणत. फुंडींचे म्हणणे असे, की सत्तेत भागीदारी म्हणजेच तत्त्वाशी तडजोड. रेआलोंचे म्हणणे, की पन्नास टक्के काम करून घेता येत असेल, तर शंभर टक्क्यांच्या हट्टापायी ते सोडू नये. आपल्या परिभाषेत हा महाव्रत आणि अणुव्रत यांमधील वाद आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे महाव्रत घेणारा मुनी प्रथम घर सोडतो. फुंडींना महाव्रतही हवे होते आणि संसदेतील जागाही. 12 डिसेंबर 1985 रोजी हेस्से राज्यात योश्का फिशर यांनी पर्यावरणमंत्री म्हणून शपथ घेतली, ती पांढरे खेळाचे बूट घालून. ते बूट आता वस्तुसंग्रहालयात आहेत. फिशर हे फ्रँकफर्टच्या रस्त्यावरील दंग्याधोप्यांत वाढलेले, काही काळ टॅक्सी चालवून पोट भरलेले गृहस्थ. अहिंसा त्यांना जन्मजात लाभलेली नव्हती.

1990 मध्ये दोन्ही जर्मनींचे एकीकरण होत असताना हरितांनी प्रचार केला हवामानाचा. लोकांना त्या वेळी हवामानात रस नव्हता. पश्चिमेत पक्षाला 4.8 टक्के मते पडली आणि पाच टक्क्यांची अट हुकल्याने तेथील त्यांचे सर्व खासदार घरी बसले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 1992 मध्ये, पेट्रा केली यांचा मृतदेह त्यांच्या बॉन येथील घरात सापडला. त्यांचे सहचर गेर्ट बास्टियान, जे सैन्यातील सेनापतीपद सोडून शांतता चळवळीत आले होते, त्यांनी केली झोपेत असताना स्वतःच्या पिस्तुलाने त्यांना गोळी घातली आणि नंतर आत्महत्या केली, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. शस्त्रत्यागाचा पुकारा करणाऱ्या घरात पिस्तूल राहिले होते. यावर अधिक काही लिहिणे मला जमत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 1998 मध्ये समाजवादी लोकशाही पक्षाच्या गेरहार्ड श्रोडर यांच्यासमवेत हरित पक्ष केंद्रात सत्तेवर आला आणि फिशर परराष्ट्रमंत्री झाले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, 24 मार्च 1999 रोजी, ‘नाटो’ने कोसोवोच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर बाँबहल्ले सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची संमती त्यास नव्हती. जर्मन विमाने त्यात सहभागी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सैन्य प्रथमच युद्धात उतरले, ते अहिंसा हा आधारस्तंभ मानणारा पक्ष सरकारात असताना!

13 मे रोजी बीलेफेल्ड येथे पक्षाचे विशेष अधिवेशन भरले. आदल्याच आठवड्यात बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर बाँब पडून माणसे मेली होती. सभागृहाबाहेर निदर्शक, आत शिट्ट्या आणि आरडाओरडा. कोणीतरी लाल रंगाची पिशवी फिशर यांच्या कानावर नेमकी फेकली. कानाचा पडदा फाटला. तशाच अवस्थेत, रंगाने माखलेला कोट घालून ते बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आपल्या पिढीने दोन प्रतिज्ञा केल्या होत्या. पुन्हा युद्ध नको, ही एक. आणि पुन्हा ऑश्विट्झसारखा नरसंहार नको, ही दुसरी. या दोन प्रतिज्ञा परस्परांच्या आड आल्या, तर काय करावे? 1995 मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनिका येथे हजारो पुरुष आणि मुलगे मारले गेले आणि जग पाहत राहिले, तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या मनात होता. हल्ले तत्काळ व कायमचे थांबवावेत, असा ठराव ख्रिस्तियान श्ट्रोबेले आदींनी मांडला होता. पक्षनेतृत्वाचा ठराव काही काळाच्या विरामाची मागणी करणारा, म्हणजे मंत्र्यांचे हात न बांधणारा होता. नेतृत्वाच्या बाजूने 444 आणि विरोधात 318 मते पडली. अनेक जुने कार्यकर्ते त्यानंतर पक्ष सोडून गेले.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णतः सोडावी. स्वतःच्या, आश्रितांच्या वा देशाच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हे आचार्यांनी ओळखले होते. मग कोसोवोतील हिंसा कोणत्या सदरात घालावयाची? संकटात सापडलेले लोक आपले आश्रित नव्हते. परंतु असहाय होते. त्यांना वाचवण्यासाठी जे बाँब पडले, त्यांनी आगगाडीतील निरपराध प्रवासीही मारले. मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आणि माझे मत श्ट्रोबेले यांच्या बाजूने झुकते, हे प्रांजळपणे सांगतो. तरीही फिशर यांना मी ढोंगी म्हणणार नाही. अतिचार आणि अनाचार यांत आपण भेद करतो. व्रताला डाग लागला, हे ज्याला कळते आणि जो संघासमोर उभा राहून ते बोलतो, त्याचे व्रत अद्याप जिवंत असते. सत्ताधारी पक्षाने युद्ध चालू असताना आपल्या प्रतिनिधींसमोर जाऊन ‘आम्ही हे करावे की नाही’ असे विचारल्याची उदाहरणे फार आढळणार नाहीत. बीलेफेल्डची ती गोंधळाची दुपार मला एका परीने आलोचनेसारखी वाटते.

पुढील वेळी ही वेदना आकड्यांत आटोपली. नोव्हेंबर 2001 मध्ये अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्याच्या प्रस्तावाला श्रोडर यांनी विश्वासदर्शक ठरावाची जोड दिली. हरितांच्या आठ खासदारांचा सैन्य पाठवण्यास विरोध होता. आठही जण विरोधात गेले असते, तर सरकार पडले असते. मग चौघांनी विरोधात आणि चौघांनी बाजूने मत दिले. हवी होती 334 मते, मिळाली 336. ताळेबंद जुळवण्याचे असे प्रकार आम्ही मार्च अखेरीस पाहिलेले आहेत.

मात्र एवढेच सांगून थांबलो, तर पक्षावर अन्याय होईल. 2000 साली अमलात आलेला नवीकरणीय ऊर्जेचा कायदा हे त्या सरकारचे मोठे कार्य. त्याची खुबी मला बँक अधिकारी म्हणून चटकन उमगते. वीजजाळे चालवणाऱ्या कंपनीने सूर्य-वाऱ्यापासूनची वीज प्राधान्याने घेतलीच पाहिजे आणि तिचा दर वीस वर्षे ठरलेला राहील, असे कायद्याने सांगितले. सौर विजेला आरंभी युनिटमागे 99 फेनिग मिळत. शेतकरी छपरावर सौर पट्ट्या बसवण्यासाठी कर्ज मागावयास आला, तर आमचा पहिला प्रश्न असतो : परतफेड कशातून? वीस वर्षांचे उत्पन्न कायद्यानेच लिहून दिलेले असेल, तर गावच्या लहान बँकेनेही कर्ज का नाकारावे? जर्मनीतील विजेत नवीकरणीय स्रोतांचा वाटा 2000 मध्ये सुमारे 6 टक्के होता. 2023 मध्ये तो निम्म्याहून अधिक झाला. त्या मागणीमुळे सौर पट्ट्यांचे कारखाने वाढले, प्रामुख्याने चीनमध्ये, आणि जगभर त्या स्वस्त झाल्या. आज आपल्या गृहसंकुलांच्या गच्चीवर त्या परवडतात, यात जर्मन वीजग्राहकाने बिलावरील अधिभाराच्या रूपाने भरलेल्या पैशांचा वाटा आहे. हा अधिभार पुढे युनिटमागे सहा सेंटच्याही वर गेला होता आणि गरिबाला तो श्रीमंताइतकाच पडे, हा आक्षेपही खोटा नव्हता.

याच सरकारच्या काळात, 2002 मध्ये, जर्मन राज्यघटनेत दुरुस्ती होऊन प्राण्यांचे संरक्षण हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून नोंदले गेले. दोन-तीन शब्दांचीच भर. परंतु मुक्या जिवांना घटनेत स्थान मिळाले. त्याउलट 2013 च्या निवडणुकीआधी सार्वजनिक उपाहारगृहांत आठवड्यातून एक दिवस शाकाहारी भोजन असावे, अशी सूचना हरितांनी केली, तर केवढा गदारोळ झाला! ‘आमच्या ताटात काय असावे, हे पक्ष ठरवणार काय?’ अशी ओरड झाली आणि पक्षाची मते आधीच्या 10.7 टक्क्यांवरून 8.4 वर आली, त्याचे एक कारण हेही मानले गेले. आपण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करतो. तिकडे हिरव्यांनी एक दिवस मांस वर्ज्य करा म्हटले, तर त्यांनाच लोकांनी वर्ज्य केले. व्रत स्वेच्छेने घेतले जाते. त्याचे परिपत्रक निघाले की माणूस बिथरतो.

2011 मध्ये जपानमधील फुकुशिमा येथील अणुदुर्घटनेनंतर बाडेन-व्युर्टेम्बर्ग या मोटारनिर्मितीच्या राज्यात विनफ्रीड क्रेचमन हे पहिले हरित मुख्यमंत्री झाले. हे तेच राज्य, ज्यात व्हील गाव आहे. 2021 मध्ये पक्षाला 14.8 टक्के मते मिळून तो पुन्हा केंद्रात आला. युद्धक्षेत्रात शस्त्रे पाठवू नयेत, ही त्यांची भूमिका होती. युक्रेनला बचावाची शस्त्रे द्यावीत, असे रोबर्ट हाबेक त्या निवडणुकीपूर्वी बोलून गेले, तेव्हा स्वपक्षीयांनीच त्यांना दटावले होते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने आक्रमण केले आणि काही आठवड्यांत चित्र पालटले. जड शस्त्रे पाठवा, असा सर्वांत मोठा आग्रह धरणाऱ्यांत पक्षाच्या डाव्या गटातील अँटोन होफ्रायटर होते. रशियन वायूला पर्याय शोधण्यासाठी मंत्री हाबेक कतारला गेले; बंद ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा पेटवावी लागली; अणुवीज केंद्रे ठरल्यापेक्षा साडेतीन महिने अधिक चालवून 15 एप्रिल 2023 रोजी कायमची बंद झाली.

त्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे 2022 साली, बॉन येथे झालेल्या अधिवेशनात युक्रेनला शस्त्रे देण्याचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. अटीतटीचा सामना झाला तो ल्युत्सेराथ नावाच्या एका ओस पडलेल्या वस्तीवरून. तिच्याखालचा कोळसा काढू द्यावा काय, या प्रश्नावर नेतृत्व थोडक्या मतांनी वाचले. जानेवारीत पोलिसांनी तेथील तरुण आंदोलकांना बाहेर काढले. त्या राज्यातही हरित सत्तेत होते. युक्रेनमधील युद्ध हे आपल्या व्याख्येप्रमाणे उघडच विरोधी हिंसेचे उदाहरण आहे. आक्रमण झालेल्याने घर राखावे, यात कोसोवोएवढा संभ्रम नाही. त्यामुळे निर्णयाला मी दोष देत नाही. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. 1999 मध्ये शस्त्रासाठी मत देताना ज्या सभागृहात माणसे रडली-भांडली होती, त्याच पक्षाच्या सभागृहात तेवीस वर्षांनी शस्त्राचा ठराव सहज पार पडला आणि कोळशाने घाम फोडला.

पत्रलेखक महोदयांसाठी अखेरची दोन टिपणे देतो. पक्षाने 2020 मध्ये नवा मूलभूत कार्यक्रम स्वीकारला. त्यात पाच मूल्ये आहेत : पर्यावरण, न्याय, आत्मनिर्णय, लोकशाही आणि शांतता. चार स्तंभांपैकी ‘अहिंसा’ जेथे होती, तेथे आता ‘शांतता’ आहे. शांतता सैन्य ठेवूनही राखता येते. अहिंसा प्रत्येकाला स्वतः पाळावी लागते. दुसरे टिपण फेब्रुवारी 2025 नंतरचे. त्या निवडणुकीत 11.6 टक्के मते मिळवून पक्ष विरोधी बाकांवर गेला. तरी मार्चमध्ये संरक्षणखर्चासाठी कर्जमर्यादा शिथिल करणाऱ्या घटनादुरुस्तीस त्यांच्या मतांची गरज पडली. वाटाघाटी झाल्या. हरितांनी दुरुस्तीच्या बाजूने मत दिले आणि त्या बदल्यात हवामान निधीसाठी 100 अब्ज युरो मंजूर करून घेतले.